दोन बोटांचा जादूगार

जॅझ जन्मले अमेरिकेत. पण त्याला युरोपचा स्वतंत्र सूर देणाऱ्यांत जँगो राइनहार्टचे नाव अग्रभागी आहे. २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममध्ये एका भटक्या रोमा कुटुंबात तो जन्मला. स्वरलेखन न शिकताच पॅरिसच्या परिसरात तो बँजो वाजवू लागला. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे कायमची निकामी झाली. अंथरुणाला खिळलेल्या जँगोला भावाने गिटार आणून दिली. उरलेल्या बोटांसाठी त्याने वादनाची नवी रीत घडवली.

१९३१ मध्ये तुलाँ येथे एका चित्रकाराकडे लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रिका कानी पडल्या आणि त्याला आपली वाट गवसली. १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीसह त्याने पॅरिसमध्ये तंतुवाद्यांचाच पाच जणांचा वाद्यवृंद गाजवला. नाझींनी रोमांचा संहार मांडला असताना व्याप्त फ्रान्समध्येही त्याचे वादन थांबले नाही. १९४६ मध्ये ड्यूक एलिंग्टनसोबत त्याने अमेरिकेचा दौरा केला. १६ मे १९५३ रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो निवर्तला. धडधाकट हातांचे वादक आजही त्या दोन बोटांची चाल उमगावी म्हणून त्याच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकतात.