डेनिस पापिन आणि त्याचा जागता व्हॉल्व्ह

मेसमधल्या कुकरची शिट्टी आपण रोज ऐकतो, पण त्याचा मूळ पुरुष कोण असं व्हायवात विचारलं तर वर्गात शांतता पसरेल. तो डेनिस पापिन. जन्म १६४७, फ्रान्समधलं ब्लवा गाव. शिकला डॉक्टरकी, पण रमला यंत्रांत. (आपल्याकडे उलटे नमुनेही आहेत!) आधी पॅरिसला हायगेन्सच्या हाताखाली, मग लंडनला बॉईलकडे त्याने काम केलं. १६७९ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे आपला डायजेस्टर मांडला. घट्ट झाकणाचं भांडं, त्यात हाडंसुद्धा मऊ शिजत. पाणी कोंडून तापवलं की १०० अंशांच्या वर जातं, पण दाबही चढतो आणि भांडं फुटू शकतं. म्हणून त्याने झाकणावर व्हॉल्व्ह बसवला, तो दाबून ठेवायला दांडा आणि दांड्याला वजन. दाब वाढला की वजन उचललं जाऊन वाफ आपोआप बाहेर. माझ्या मते डायजेस्टरपेक्षा हा व्हॉल्व्हच मोठा. माणसाला डुलकी लागली तरी तो जागा असतो.

पापिन प्रोटेस्टंट. १६८५ मध्ये फ्रान्सने त्या पंथाचे हक्क काढून घेतले आणि त्याला मायदेशाची दारं बंद झाली. मग जर्मनीत मारबुर्ग, कासेल. १६९० मध्ये सिलिंडरमधली वाफ गार करून दट्ट्या खाली ओढता येतो हे त्याने मांडलं. १७०७ मध्ये नावाड्यांनी त्याची चाकांची होडी फोडून टाकली. पुढे लंडनला हलाखीत दिवस काढून तो १७१३ मध्ये वारला.

दाबाचं हे भय आजच्या केमिकल प्लांटमध्ये तेलाने कमी केलंय. २५० अंशांची वाफ हवी तर सुमारे ४० बार दाब लागतो. थर्मिक फ्लुइड हीटरमध्ये तेवढ्याच तापमानाचं तेल पंपाच्या काही बारवर फिरतं. त्यामुळे ऑपरेटर निर्धास्त होतात, आणि गोची तिथेच आहे. पंप थांबून बर्नर चालू राहिला तर कॉइलच्या आत तेल करपतं, कार्बन बसतो, शेवटी नळी फुटून तेल थेट आगीत. तेलात पाणी राहिलं तर त्याची वाफ सुमारे १६०० पट फुगते आणि गरम तेल एक्स्पान्शन टँकमधून उसळतं. म्हणून नवं तेल सावकाश तापवून आधी पाणी घालवतात, आणि बर्नर विझवल्यावरही तेल निवेपर्यंत पंप चालू ठेवतात.

प्रवाह घटला की बर्नर बंद करणारा इंटरलॉक हाच इथला पापिनचा व्हॉल्व्ह. एका इंडस्ट्रियल व्हिजिटमध्ये मी तो वायर टाकून बायपास केलेला पाहिला. सारखा ट्रिप होतो, प्रॉडक्शन अडतं, असं कारण सांगितलं. पंपाचा स्ट्रेनर शेवटचा कधी उघडला होता, ते मात्र तिथे कोणालाच आठवत नव्हतं.