मिशेल यूजेन शेव्रल

मिशेल यूजेन शेव्रल (३१ ऑगस्ट १७८६, आंजे – ९ एप्रिल १८८९, पॅरिस) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. चरबी, लोणी, तेल यांसारखे स्निग्ध पदार्थ ही साधी, एकजिनसी द्रव्ये नसून मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांपासून बनलेली संयुगे आहेत, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. स्टिअरिक, ओलेइक, ब्युटिरिक इत्यादी आम्लांचा शोध त्यांनी लावला, तर ग्लिसरीन आणि कोलेस्टेरॉल या आज घरोघरी परिचित असलेल्या संज्ञांचे मूळही त्यांच्याकडेच जाते. लिपिडांच्या रसायनशास्त्राचा पाया त्यांनी घातला असे मानले जाते. रंगांच्या परस्परविरोधाचा नियम मांडल्यामुळे चित्रकलेच्या इतिहासातही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांना १०२ वर्षांचे आयुष्य लाभले.

बालपण आणि शिक्षण

शेव्रल यांचा जन्म पश्चिम फ्रान्समधील आंजे या गावी वैद्यकीय परंपरा असलेल्या घराण्यात झाला. वडील वैद्यक व्यवसायात होते व प्रसूतिशास्त्रातील जाणकार म्हणून त्यांचा लौकिक होता. राज्यक्रांतीच्या दहशतीचे दिवस मिशेल यांनी लहानपणी जवळून पाहिले. आंजेमध्ये गिलोटीनवर झालेला देहदंड त्यांच्या बालमनावर कोरला गेला, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. गावातील नव्या शासकीय विद्यालयात शिक्षण घेऊन १८०३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते पॅरिसला गेले आणि नामवंत रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला व्होक्लँ यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. व्होक्लँ हे नैसर्गिक द्रव्यांच्या पृथक्करणात निष्णात होते. हाती आलेला पदार्थ घाईने नाव देऊन मोकळे न होता त्याचे घटक एकेक करून वेगळे काढण्याची चिकाटी शेव्रल यांना या गुरुगृहीच मिळाली. १८१० मध्ये पॅरिसच्या नॅशनल म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संस्थेत त्यांची साहाय्यक म्हणून नेमणूक झाली. या संस्थेशी त्यांचा संबंध पुढे जवळजवळ आयुष्यभर राहिला.

स्निग्ध पदार्थांवरील संशोधन

१८११ मध्ये शेव्रल यांच्याकडे डुकराच्या चरबीपासून पोटॅश वापरून केलेल्या साबणाचा एक नमुना पृथक्करणासाठी आला. काम अगदी साधे होते. परंतु साबण पाण्यात मिसळल्यावर त्यांना मोत्यासारखी झाक असलेले चकचकीत स्फटिक तळाशी बसलेले दिसले. आम्लाची प्रक्रिया केल्यावर या स्फटिकांतून एक घन पदार्थ मिळाला. तो दिसायला चरबीसारखा होता, पण त्याचे गुणधर्म आम्लाचे होते. या एका निरीक्षणाचा पाठपुरावा त्यांनी पुढे सुमारे बारा वर्षे केला.

साबण करण्याची कला हजारो वर्षांची जुनी आहे. मात्र साबण तयार होताना नेमके काय घडते, याचे उत्तर त्या काळी कोणापाशीही नव्हते. चरबी आणि अल्कली एकमेकांत जशीच्या तशी मिसळतात आणि त्यातून साबण होतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. स्वीडनचे कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवून एक गोड, पाकासारखा द्रव मिळवला होता, पण या गोड द्रवाचा साबणाशी काय संबंध आहे हे स्पष्ट झाले नव्हते. शेव्रल यांनी दोन्ही धागे जोडले. अल्कलीच्या प्रक्रियेने चरबी फुटते, तिच्यातील आम्ले अल्कलीशी संयोग पावून साबण होतात आणि गोड द्रव मोकळा होतो, हे त्यांनी दाखवले. म्हणजेच साबण हे आम्ल आणि अल्कली यांचे लवण ठरले. त्या गोड द्रवाला, गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, त्यांनी ग्लिसरीन हे नाव दिले.

त्यांच्या पुराव्यातील सर्वांत बोलका भाग वजनाचा आहे. चरबीचे विघटन झाल्यावर मिळालेली आम्ले आणि ग्लिसरीन तराजूत घातली, तर त्यांचे एकत्रित वजन मूळ चरबीपेक्षा थोडे अधिक भरत असे. यावरून विघटनाच्या वेळी पाणी आत शिरते, हा निष्कर्ष त्यांनी काढला आणि चरबीची तुलना अल्कोहोल व आम्ल यांपासून होणाऱ्या संयुगांशी केली. आजच्या परिभाषेत या संयुगांना एस्टरे म्हणतात. रेणूची रचना कागदावर मांडण्याची पद्धत तेव्हा अस्तित्वातच नव्हती. ग्लिसरीनच्या एका रेणूशी मेदाम्लाचे तीन रेणू जोडले जाऊ शकतात, हे मार्सेलँ बेर्तलो यांनी १८५४ मध्ये प्रयोगशाळेत मेद तयार करून सिद्ध केले. तोवर चाळीस वर्षे लोटली होती. केवळ तराजू, द्रावके आणि तापमापक यांच्या बळावर शेव्रल इतके अचूक अनुमान करू शकले, हे विशेष मानावे लागेल.

एकच पदार्थ शुद्ध आहे की मिश्रण आहे, हे ठरवण्यासाठी त्यांनी वितळबिंदूची कसोटी रूढ केली. पदार्थ अल्कोहोलसारख्या द्रावकात पुन्हा पुन्हा विरघळवून त्याचे स्फटिक काढायचे आणि वितळबिंदू बदलेनासा होईपर्यंत हे चालू ठेवायचे, अशी ही पद्धत होती. कार्बनी रसायनशास्त्राचा आजचा विद्यार्थीही पहिल्याच वर्षी हा प्रयोग करतो, फक्त त्यामागे कोण होते हे त्याला सहसा सांगितले जात नाही. या मार्गाने शेव्रल यांनी घन स्टिअरिक आम्ल आणि द्रव ओलेइक आम्ल वेगळे केले. मेदात कोणती आम्ले किती प्रमाणात आहेत त्यावर तो चरबीसारखा घट्ट असेल की तेलासारखा पातळ, हे ठरते, असे त्यांनी प्रतिपादन केले. लोण्यातून त्यांनी ब्युटिरिक आम्ल मिळवले. जुने लोणी खवट झाले की जो उग्र वास येतो तो याच आम्लाचा. कॅप्रोइक आणि कॅप्रिक या आम्लांच्या नावांत शेळीवाचक लॅटिन शब्द दडलेला आहे.

याच कसोटीने त्यांना एकदा मात्र चकवले. साबणातून मिळालेल्या मोत्यासारख्या पदार्थाला त्यांनी मोती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मार्गारिक आम्ल असे नाव दिले व ते स्वतंत्र आम्ल मानले. १८५० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइन्ट्स यांनी ते पामिटिक आणि स्टिअरिक या दोन आम्लांचे मिश्रण असल्याचे दाखवले. विशिष्ट प्रमाणातील अशा मिश्रणाचा वितळबिंदू स्फटिकीकरण करूनही फारसा ढळत नाही, त्यामुळे ते शुद्ध पदार्थासारखे भासते. चुकीच्या समजुतीतून जन्मलेले ते नाव पुढेही टिकून राहिले. १८६९ मध्ये इपोलित मेज-मूरिएस यांनी तयार केलेल्या कृत्रिम लोण्याला त्यावरूनच मार्गारीन हे नाव मिळाले.

पित्ताशयातील खड्यांमध्ये सापडणाऱ्या पांढऱ्या स्फटिकमय पदार्थाचा प्रश्नही त्यांनीच निकालात काढला. आंत्वान फुर्क्रवा यांनी हा पदार्थ, पुरलेल्या प्रेतांत आढळणारी मेणचट चरबी आणि स्पर्म देवमाशाच्या डोक्यातील मेण ही तिन्ही द्रव्ये मूलतः एकच मानून एका नावाखाली घातली होती. शेव्रल यांनी तिन्हींवर पोटॅशची प्रक्रिया करून पाहिली. प्रेतांतील चरबी मुख्यतः मेदाम्लांची बनलेली निघाली. देवमाशाच्या मेणातून आम्ल मिळाले, पण ग्लिसरिनाऐवजी एक वेगळाच मेणचट पदार्थ हाती आला. पित्तखड्यांतील द्रव्याचा तर साबण झालाच नाही, कितीही उकळले तरी ते होते तसेच राहिले. १८१६ च्या सुमारास त्यांनी या द्रव्याला पित्त आणि घन या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून कोलेस्टेरीन असे नाव दिले. ते अल्कोहोलांच्या वर्गातील असल्याचे पुढे कळले आणि नावाचे कोलेस्टेरॉल झाले. ज्यांचा साबण होतो आणि ज्यांचा होत नाही, असा लिपिडांचा भेद आजही केला जातो, त्याची सुरुवात येथे आहे.

हे सर्व संशोधन १८२३ मध्ये प्राणिज स्निग्ध पदार्थांवरील त्यांच्या ग्रंथात एकत्र प्रसिद्ध झाले. सजीवांत आढळणारे द्रव्यही निश्चित घटकांत सोडवता येते, हे दाखवणारा हा ग्रंथ पुढील पिढीला आदर्श ठरला. तेओदोर गोब्ली यांनी १८४० च्या दशकात अंड्याच्या बलकातील लेसिथिनाचे पृथक्करण केले, तेव्हा शेव्रल यांची ओलेइक आणि मार्गारिक ही आम्लेच त्यांना त्यात भेटली. लेसिथिन ज्या फॉस्फोलिपिडांच्या गटात मोडते, ती पेशींच्या पटलांचा मुख्य घटक असतात.

मेणबत्ती

त्या काळी सामान्य घरांत चरबीच्या मेणबत्त्या जळत. त्या उष्म्याने मऊ पडत, धूर करत आणि त्यांना घाण वास येई. या वासाला चरबीतील ग्लिसरीन जळताना होणारे तिखट द्रव्य बरेचसे कारणीभूत असते. मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या चर्च आणि धनिकांनाच परवडत. ग्लिसरीन काढून टाकलेले घन आम्ल जाळले तर स्वच्छ प्रकाश मिळेल, हे ओळखून शेव्रल यांनी जोसेफ लुई गे-ल्यूसॅक यांच्यासह १८२५ मध्ये पेटंट घेतले. व्यवहारात हा उद्योग फसला, कारण त्यांची प्रक्रिया महाग होती. १८३१ मध्ये द मिली आणि मोतार यांनी स्वस्त चुना वापरून तो यशस्वी केला. त्यात पिळाऐवजी वेणीसारख्या विणलेल्या वातीचीही मदत झाली. स्टिअरिन मेणबत्तीचा प्रसार झपाट्याने झाला, परंतु तिच्यापासून मिळालेली संपत्ती इतरांच्या वाट्याला गेली. १८५२ मध्ये फ्रान्समधील राष्ट्रीय उद्योगाला उत्तेजन देणाऱ्या संस्थेने शेव्रल यांना १२,००० फ्रँकचे पारितोषिक देऊन या कार्याची दखल घेतली.

गोबलँ येथील कार्य

१८२४ मध्ये चित्रजवनिका विणणाऱ्या गोबलँ या शासकीय कारखान्यात ते रंगाई विभागाचे संचालक झाले. काळ्या रंगाचे धागे फिके दिसतात, अशी विणकरांची तक्रार होती. तपासणीत रंग निर्दोष ठरला. दोष होता शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा, म्हणजे खरे तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचे स्वरूप बदलतात, हा नियम त्यांनी १८३९ च्या ग्रंथात मांडला. पुढे दृक्प्रत्ययवादी चित्रकार आणि विशेषतः झॉर्झ सरा यांनी त्याचा उपयोग केला.

उत्तरायुष्य

१८२६ मध्ये शेव्रल फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १८३० मध्ये ते व्होक्लँ यांच्या जागी म्युझियममध्ये प्राध्यापक झाले. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. मांसाच्या अर्कातून क्रिएटिन मिळवणे आणि मधुमेह्याच्या मूत्रातील साखर द्राक्षशर्करेशी एकरूप असल्याचे दाखवणे, हीही त्यांचीच कामे. हातातील लंबक आपोआप फिरतो, टेबले हलतात, अशा चमत्कारांचे वेड पॅरिसमध्ये पसरले असताना त्यांनी स्वतःवर प्रयोग केले. डोळे बांधल्यावर लंबक थांबतो असे त्यांना आढळले. हालचाल हाताच्या नकळत होणाऱ्या स्नायुक्रियेची असते, हे त्यांनी १८३३ मध्ये आंपेर यांना पत्राने कळवले व १८५४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

म्युझियमचे संचालकपद त्यांनी १८७९ पर्यंत सांभाळले. जानेवारी १८७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असताना प्रशियन तोफगोळे म्युझियमच्या काचगृहांवर पडले. तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे शेव्रल संस्थेतच राहिले आणि त्यांनी या माऱ्याचा लेखी निषेध अकादमीपुढे ठेवला. ते स्वतःला फ्रान्समधील सर्वांत वयोवृद्ध विद्यार्थी म्हणवून घेत. द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात जन्मूनही त्यांनी मद्याला कधी जवळ केले नाही.

१८८६ मध्ये त्यांची जन्मशताब्दी त्यांच्या हयातीतच राष्ट्रीय पातळीवर साजरी झाली. त्या निमित्ताने फेलिक्स नादार यांनी त्यांच्याशी संभाषण केले आणि पुत्र पॉल यांनी छायाचित्रे घेतली. सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेली ही मुलाखत जगातील पहिली छायाचित्र-मुलाखत समजली जाते.

पत्नी सोफी १८६२ मध्ये निवर्तल्या होत्या. एकुलता एक मुलगा आंरी १८८९ च्या वसंतात, शेव्रल यांच्या मृत्यूच्या काही दिवस आधी वारला. ९ एप्रिल रोजी शेव्रल यांचे निधन झाले. नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये शासकीय इतमामाने अंत्यविधी होऊन पॅरिसच्या दक्षिणेकडील लाई-ले-रोझ येथे त्यांना पुरण्यात आले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या बहात्तर नावांत त्यांचे नाव आहे. टॉवरचे उद्घाटन त्यांच्या मृत्यूच्या नऊ दिवस आधी झाले.