सत्यजित राय : शस्त्रक्रियेनंतरची आठ वर्षे

‘घरे बाइरे’ या चित्रपटाचे काम सुरू असताना १९८३ साली सत्यजित राय यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या वेळी ते ६२ वर्षांचे होते. चित्रपटाचे उरलेले चित्रीकरण त्यांच्या सूचनांनुसार पुत्र संदीप यांनी पूर्ण केले. १९८४ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे राय यांच्यावर बायपास शस्त्रक्रिया झाली. कोलकात्याला परतल्यावर पुन्हा चित्रपट करता येईल की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

राय यांचा जन्म २ मे १९२१ रोजी कोलकात्यात झाला. आजोबा उपेंद्रकिशोर आणि वडील सुकुमार हे दोघेही बंगाली बालसाहित्यातील मोठे लेखक. वडिलांचे छत्र मात्र वयाच्या तिसऱ्या वर्षीच हरपले. जाहिरातसंस्थेत चित्रकार म्हणून काम करीत त्यांनी ‘पथेर पांचाली’ हा पहिला चित्रपट १९५५ मध्ये पूर्ण केला. पुढे पटकथा, संगीत, वेशभूषेची रेखाटने, जाहिरातफलक हे सारे ते स्वतः करू लागले. कॅमेराही स्वतःच हाताळू लागले. दूरदर्शनसाठी त्यांनी केलेल्या ‘सद्‌गती’ या १९८१ मधील चित्रपटात स्मिता पाटील आणि मोहन आगाशे हे मराठी कलावंत होते. प्रत्येक कामात स्वतः उतरणाऱ्या या माणसावर आता श्रम टाळण्याचे बंधन आले.

बायपासमध्ये अडथळा आलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून रक्तासाठी नवा मार्ग केला जातो. मूळ विकार त्याने नाहीसा होत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, मग ती झडप बदलण्याची असो वा बायपासची, ठोक्यांची लय बिघडण्याचा संभव असतो. आज रुग्णाला हातातील घड्याळावर किंवा भ्रमणध्वनीला जोडलेल्या लहानशा यंत्रावर घरबसल्या ही लय नोंदवता येते. त्या काळी नाडीवरचे बोट, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप आणि कागदावर उमटणारा ईसीजी यांवरच मुख्य भिस्त होती. चोवीस तासांचे ठोके ध्वनिफितीवर टिपणारे, कमरेला बांधायचे होल्टर यंत्र निघाले होते. पण ती नोंद वाचायला तज्ज्ञच लागत. घरची देखरेख म्हणजे घरच्या माणसांचे लक्ष. बिशप लेफ्रॉय रोडवरील घरात हा भार पत्नी विजया यांनी वाहिला.

पाच वर्षे राय यांनी कथाचित्रपट दिग्दर्शित केला नाही. हात मात्र थांबला नव्हता. फेलूदा आणि प्रोफेसर शंकू यांच्या कथा ते लिहीत राहिले, संदीप यांच्या दूरदर्शन मालिकेसाठी कथा दिल्या आणि १९८७ मध्ये वडिलांवर माहितीपट केला.

१९८९ मध्ये ‘गणशत्रू’ आला. बाह्यचित्रीकरणाला डॉक्टरांची मनाई असल्याने चित्रपट जवळजवळ संपूर्ण स्टुडिओतच घडला. चित्रीकरणाच्या वेळी डॉक्टर हजर असत, बाहेर रुग्णवाहिका उभी असे. कॅमेरा संदीप यांच्याकडे गेला होता. इब्सेनच्या नाटकावर बेतलेल्या या चित्रपटाचा नायक डॉक्टर आहे. मंदिराचे तीर्थ दूषित झाल्याचे सांगितल्यामुळे गाव त्याच्यावर उलटते. चित्रपट संवादांनी भरलेला आणि स्थिर वाटतो, ही टीका खोटी नाही. ‘पथेर पांचाली’तील मोकळे आकाश त्यात शोधून सापडत नाही. त्या बंद खोल्यांना दिग्दर्शकाची प्रकृतीही कारण होती, हे मात्र ध्यानात घ्यावे लागते.

१९९० च्या ‘शाखा प्रशाखा’त सत्तराव्या वाढदिवसाच्या सत्कारात वृद्ध पित्याला हृदयविकाराचा झटका येतो आणि चारही मुलगे त्याच्याभोवती जमतात. आजारी माणसाला घरातले कोण काय सांगते आणि काय लपवते, हे राय यांनी येथे निर्दयपणे दाखवले. १९९१ च्या ‘आगंतुक’मध्ये कॅमेरा पुन्हा उघड्यावर आला. उत्पल दत्त यांनी रंगवलेला जगभर फिरलेला मामा हे या अखेरच्या पर्वातील सर्वांत जिवंत पात्र म्हणता येईल.

१९९२ च्या प्रारंभी प्रकृती ढासळल्याने राय यांना कोलकात्याच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. जीवनगौरवाचे ऑस्कर त्यांनी तेथे खाटेवरच स्वीकारले. भारतरत्न किताबही याच वर्षी मिळाला. २३ एप्रिल १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या ‘उत्तरण’ या पटकथेवरील चित्रपट संदीप राय यांनी १९९४ मध्ये पडद्यावर आणला. त्याचाही नायक डॉक्टरच आहे.