मुठेच्या पाण्याचा हिशेब

माण-हिंजवडीच्या परिसरातून वाहत येणारी मुळा नदी पुण्यात संगमावर मुठेला मिळते. या मुठेवर, पुण्याच्या नैर्ऋत्येस, खडकवासला येथे एक जुने धरण आहे. त्या धरणाशी ज्या थोर अभियंत्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होत.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताचीच होती. बंगळूरच्या कॉलेजात असताना मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागविला. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली व ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३ साली स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेत ते पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली. नाशिक, खानदेश, सिंध असा प्रवास करीत ते पुन्हा पुण्यास आले.

त्या काळी पुणे शहराची आणि कालव्याखालील शेतीची तहान खडकवासल्याचा तलाव भागवीत असे. दर पावसाळ्यात तलाव भरे आणि जादा पाणी सांडव्यावरून धो धो वाहून जाई. उन्हाळ्यात मात्र पाणी पुरे पडत नसे. अशा वेळी कोणाच्याही मनात पहिला विचार येईल तो भिंत उंच करण्याचा. शेकडो मजूर लावावेत, गाड्यांमागून गाड्या दगड आणावेत, चुन्याच्या घाण्या रात्रंदिवस फिरवाव्यात! पाहणाऱ्यालाही केवढे काम चालले आहे असे वाटले असते. विश्वेश्वरय्यांनी तसे केले नाही. पाणी कोठून व केव्हा वाया जाते, हे त्यांनी आधी पाहिले. वाट सांडव्याची होती. तेव्हा उपायही तेथेच हवा होता.

त्यांनी सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसविले. ते उघडण्यास माणूस लागत नसे. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले, की ते आपोआप उघडत व पूर ओसरला, की आपोआप मिटत. त्यामुळे भिंत न वाढविता तलावात सुमारे आठ फूट अधिक पाणी राहू लागले. साठा जवळजवळ पाव हिश्श्याने वाढला. या युक्तीचे एकस्व त्यांच्या नावे झाले होते, परंतु सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे वेगळे पैसे घेणे त्यांना रुचले नाही.

माझ्या मते याहूनही कठीण काम नीरेच्या कालव्यावर झाले. तेथे ज्याला पाणी मिळे तो ते शेतात मनसोक्त सोडी. पाणी जास्त म्हणजे पीक जास्त, अशी समजूत! प्रत्यक्षात काही जमिनी चिबड होत, डासांमुळे हिवताप पसरे आणि कालव्याचा लाभ थोड्याच गावांना होई. विश्वेश्वरय्यांनी जमिनीचे गट पाडले. प्रत्येक गटाला ठरलेले पाणी मिळावे, ऊस एकाच रानात वर्षानुवर्षे न लावता पिकांची फेरपालट व्हावी आणि तेच पाणी अधिक गावांना पोहोचावे, अशी ती योजना होती. शेतकऱ्यांना ती आपल्या हक्कावरील घाला वाटली. वृत्तपत्रांतूनही टीका झाली. लोखंडी दरवाजा पाण्याच्या भाराने हलतो, माणसाचे मन तसे हलत नाही. विश्वेश्वरय्या बागाइतदारांना भेटले, त्यांच्या शंका ऐकून घेतल्या व हिशेब समजावून सांगितला. हळूहळू विरोध मावळला आणि ही पद्धत रुजली.

१९०८ साली ते मुंबई सरकारच्या सेवेतून मुक्त झाले. पुढे म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता व १९१२ ते १९१८ या काळात दिवाण म्हणून त्यांनी कार्य केले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरण त्याच काळात उभे राहू लागले. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही आणि पुण्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. खडकवासल्याचे धरण पुन्हा बांधावे लागले. त्या वेळी विश्वेश्वरय्या शंभरीच्या आसपास होते. पुढल्याच वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.