निमाडचा तंट्यामामा

भैरवगढला काळभैरवाच्या दर्शनाला जाताना सेंट्रल जेलची लांबलचक भिंत लागते. ती दिसली की माझी आजी तंट्यामामाची गोष्ट काढायची. तिचे माहेर खंडव्याचे. त्यामुळे तंट्या ह्याच जेलमध्ये होता असे मला बरीच वर्षे वाटे. तो उज्जैनच्या जेलमध्ये नव्हता. ज्या भिंतीवरून तो पळाला ती खंडव्याची. पण त्याच्या गोष्टीत आपल्या मराठी माणसांचाही थोडा वाटा आहे, म्हणून ती ह्या स्मरणिकेत सांगावीशी वाटली.

तंट्या भिल्लाचा जन्म 1842 च्या सुमारास, आजच्या खंडवा जिल्ह्यातील पंधाना तहसिलीत, बडदा गावी झाला. वडील भाऊसिंग शेती करीत. निमाडचा मोठा भाग पूर्वी शिंदे सरकारचा होता. तो 1860 मध्ये कायमचा इंग्रजांकडे गेला आणि 1864 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. पाऊस पडो न पडो, सारा ठरल्या वेळी आणि रोकड भरावा लागे. भिल्लाच्या घरी रोकड कुठली? तो सावकाराच्या दारी जाई. वडिलांच्या मागे तंट्याची जमीन थकबाकीपायी गेली. त्याने कोर्टात दाद मागितली, तिथेही तो हरला.

1874 च्या सुमारास पोलिसांनी त्याला पहिल्यांदा धरले. आरोप काय, तर वाईट मार्गाने पोट भरतो! आधी जमीन गेली, आणि मग पोट कसे भरतोस म्हणून तुरुंग. 1878 मध्ये तो पुन्हा पकडला गेला. ह्या वेळी काही दिवसांतच, रात्री, खंडवा तुरुंगाची भिंत ओलांडून तो साथीदारांसह निसटला.

पुढची अकरा वर्षे तो कुणाच्या हाती लागला नाही. सातपुड्याचे डोंगर, नर्मदेचे खोरे, निमाड, होळकरांचा मुलूख, खानदेश, बैतूल एवढ्या टापूत त्याची टोळी फिरे. त्याच्यासाठी सरकारला खास पोलीस दल उभारावे लागले. सावकारांचे धान्य आणि पैसा लुटून तो गोरगरिबांत वाटी, म्हणून निमाडचे लोक त्याला मामा म्हणू लागले. सरकारी दप्तरात मात्र तो दरोडेखोर होता. त्याच्या टोळीच्या हातून रक्तही सांडले, हे लपवायचे कारण नाही. तरीही ज्या गावांत खायची भ्रांत होती, तिथल्या लोकांनी त्याला वर्षानुवर्षे आसरा दिला.

शेवट दग्याने झाला. 11 ऑगस्ट 1889, राखी पौर्णिमा. तंट्या मानलेल्या बहिणीच्या घरी गेला. तिचा नवरा गणपत फितूर झाला होता. होळकरांच्या फौजेतील मेजर ईश्वरीप्रसाद ह्यांच्या माणसांनी त्याला पकडले. इंदूरच्या गादीवर तेव्हा शिवाजीराव होळकर होते. इंदूरहून त्याला इंग्रजांच्या ताब्यात देऊन जबलपूरला नेले. ही बातमी पार न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आली आणि त्यात त्याला भारताचा रॉबिन हूड म्हटले होते. 19 ऑक्टोबरला फाशीची शिक्षा झाली आणि 4 डिसेंबर 1889 रोजी ती अमलात आली.

त्याचा देह पाताळपाणी स्टेशनजवळ आणून टाकला असे सांगतात. तिथे त्याचे ठाणे आहे. छोटी लाईन होती तेव्हा महूहून खंडव्याकडे जाणारी गाडी तिथे क्षणभर थांबे. आपल्यापैकी अनेकांनी खानदेशात, विदर्भात नातेवाइकांकडे जाताना तो थांबा अनुभवला असेल. आजी खिडकीतून हात जोडायची आणि आम्हा मुलांनाही जोडायला लावायची. आजही 4 डिसेंबरला तिथे आदिवासी बांधव मोठ्या संख्येने जमतात. मराठीत बाबा भांड ह्यांनी तंट्यावर कादंबरी लिहिली आहे, ती जरूर वाचावी.

नोकरीमुळे जमिनीच्या फायली रोज माझ्या हाताखालून जातात. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही, असे मध्य प्रदेशचा 1959 चा भू-राजस्व कायदा सांगतो. तंट्या फासावर गेल्यानंतर सत्तर वर्षांनी झालेला हा कायदा. तो नीट पाळला जातो की नाही, हे शेवटी कलेक्टर कचेरीतल्या आमच्यासारख्या माणसांवरच असते. आपले पूर्वज शिंदे-होळकरांबरोबर माळव्यात आले. त्यांतले कितीतरी दप्तर सांभाळणारे, वसुली लिहिणारे होते. वहीच्या पलीकडे बसलेला माणूस कोण होता, हे आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही. आजीने मला सांगितले. झाबुआ-अलीराजपूरकडचा एखादा भिल्ल शेतकरी कागद घेऊन टेबलासमोर उभा राहिला, की मी आता त्याला आधी बसायला सांगतो.