गोदातीरीचा क्षमावंत वीर

विजयादशमीस नांदेड नगरीत सचखंड श्री हुजूर साहिबची हल्लाबोल मिरवणूक निघते. तळपत्या तलवारी पाहून श्रीगुरू गोविंदसिंहजींचे वीररूपच भाविकांच्या मनावर ठसते, आणि ते यथार्थही आहे. त्या वीराच्या ठायी वसणारी क्षमा मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

इ. स. १६६६ मध्ये पाटण्यास त्यांचा जन्म झाला. वडील गुरू तेगबहादुर यांचा १६७५ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने दिल्लीत शिरच्छेद झाला. १६९९ मध्ये आनंदपुरास गुरुजींनी खालसा पंथ स्थापिला.

पुढे आनंदपुरास वेढा पडला. उपासमार असह्य होताच त्यांच्याच चाळीस शिष्यांनी गुरुशिष्याचे नाते तुटल्याचे लिहून दिले आणि घरची वाट धरली. शत्रूचा घाव सोसवतो. आपल्या माणसाने ऐन संकटात फिरविलेली पाठ कोणास विसरवते? किल्ला सुटला. चारही पुत्र गेले. दोघे चमकौरच्या रणात, दोघे कोवळे बालक सरहिंदला. एवढ्या वाताहतीतही तो कागद गुरुजींनी जवळ जपला, असे परंपरा सांगते. इकडे माई भागो या वीरांगनेने त्या चाळिसांना खडसावले. ते परतले आणि १७०५ मध्ये खिदराण्याच्या तळ्याकाठी मोगल फौजेशी झुंजत पडले. अखेरचा श्वास घेणाऱ्या महासिंगाचे मस्तक गुरुजींनी मांडीवर घेतले. त्याचे मागणे एकच होते, तो कागद फाडावा. गुरुजींनी तो तत्क्षणी फाडला. चाळीसही जण मुक्त ठरले. त्या स्थळाचे नाव मुक्तसर पडले.

१७०८ मध्ये गुरुजी नांदेडास आले. नरसीच्या नामदेवमहाराजांची पदे ग्रंथसाहिबात असल्याने ही भूमी त्यांना परकी नव्हतीच. येथे माधोदास बैराग्याच्या मठात ते त्याच्या आसनावर बसले. संतापलेल्या बैराग्याने मंत्रबळाने ते आसन उलथविण्याचा यत्न केला, अशी कथा आहे. गुरुजींनी त्यास शासन केले नाही. अमृत देऊन बंदासिंग केले आणि पंजाबचे कार्य त्याच्याच हाती सोपविले.

क्षमावंत म्हणजे शस्त्र टाकलेला, असे मात्र कोणी समजू नये. त्याच वर्षी एका पठाणाने दगा करून वार केला, तेव्हा गुरुजींनी त्यास तेथेच लोळविले. जखम शिवली होती, पण धनुष्य ओढताना ती पुन्हा उकलली. ग्रंथसाहिबास गुरुपद देऊन त्यांनी ऑक्टोबर १७०८ मध्ये देह ठेवला. त्या स्थळी महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविलेली वास्तू आजही उभी आहे.