निवृत्तीनंतरची ४८ वर्षे



आपल्या सांगवी, दापोडी, खडकी, पिंपरी या भागात एक प्रसंग घरोघरी येतो. वडील तीस-पस्तीस वर्षे कारखान्यात, वर्कशॉपमध्ये किंवा सरकारी कचेरीत राबतात. एक दिवस त्यांच्या गळ्यात हार पडतो, हातात घड्याळ आणि नारळ येतो, सहकारी चार चांगले शब्द बोलतात आणि रिक्षा घरापर्यंत सोडून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने पाचला जाग येते. फजरची नमाज होते, चहा होतो, वर्तमानपत्र वाचून होते. आणि मग घड्याळात पाहावे तर आठच वाजलेले असतात. आता पुढचा दिवस कसा घालवायचा? मुले म्हणतात, अब्बा, आता आराम करा. चार महिने आराम गोड लागतो. पुढे तोच आराम अंगावर येऊ लागतो. माणूस चिडचिडा होतो, उगाच घरातल्यांच्या चुका काढू लागतो, आपली कोणाला गरज उरली नाही असे त्याला वाटू लागते.

अशा वेळी आठवावे असे एक चरित्र आपल्या अगदी शेजारचे आहे. पुण्यातील कर्वेनगर आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्यांच्या नावाने ती वस्ती ओळखली जाते, त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांची ही हकिकत. ते आपल्या समाजातले नव्हते. पण चांगले काम कोणत्याही घरचे असो, त्यापासून शिकण्यात कमीपणा नाही. इल्म जिथे मिळेल तिथून घ्यावे, अशीच आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण आहे.

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी झाला. घर दापोली तालुक्यातील मुरूडचे, परिस्थिती बेताची. विद्यार्थी मित्रांनो, त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग ध्यानात ठेवा. सतराव्या वर्षी त्यांना एका परीक्षेला बसायचे होते आणि परीक्षेचे ठिकाण होते सातारा. बरोबरीच्या मुलांसह ते पायी निघाले. सह्याद्रीचा घाट ओलांडून, शंभराहून अधिक मैल चालून ते साताऱ्याला पोहोचले. तेथील अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिले आणि वय पुरेसे दिसत नाही म्हणून परीक्षेस बसू दिले नाही. अंगकाठी किरकोळ, उंची कमी. एवढाच त्यांचा अपराध. इतकी पायपीट वाया गेली. पण त्यांनी शिक्षण सोडले नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ते तीच परीक्षा उत्तीर्ण झाले. नंतर मुंबईस जाऊन, शिकवण्या करीत करीत, १८८४ साली ते गणित विषय घेऊन बी. ए. झाले.

१८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांची पहिली पत्नी राधाबाई निवर्तली. त्या काळी उच्चवर्णीय हिंदू घरांत विधवेचे पुन्हा लग्न होत नसे. पुरुष मात्र दुसरे लग्न खुशाल करीत. कर्व्यांनी ठरवले की लग्न केलेच तर विधवेशीच करायचे. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याचा त्रास त्यांच्या घरच्यांनाही सोसावा लागला.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापन केली. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला, एका साध्या झोपडीत गेला. कॉलेजातले तास संपले की कर्वे रोज सुमारे चार मैल चालत हिंगण्याला जात. वाट शेतातली, पावसाळ्यात चिखलाची. आश्रमाला लागणारे सामान स्वतः उचलून नेत. रात्री तेथे मुलींना शिकवीत आणि सकाळी पुन्हा पुण्याला कॉलेजात हजर होत. सुट्या लागल्या की वर्गणीसाठी गावोगाव हिंडत. घरसंसाराची ओढाताण आनंदीबाईंनी सोसली. आपण थोरांची चरित्रे वाचताना घरातल्या बाईने काय भोगले हे विसरतो. ते विसरू नये.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १९१४ साली कर्वे फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. वय ५६ वर्षे. कॉलेजात २३ वर्षे नोकरी झाली होती. आश्रम नावारूपाला आला होता, १९०७ साली महिला विद्यालयही सुरू झाले होते. आता माणसाने विसावा घेतला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण कर्व्यांनी केलेले सर्वांत मोठे काम यानंतरचे आहे. १९१४ नंतर ते ४८ वर्षे जगले. म्हणजे नोकरी जेवढी केली, त्याच्या दुपटीहून अधिक काळ त्यांना निवृत्तीनंतर मिळाला. गणिताच्या या प्राध्यापकाने त्या वर्षांचा हिशेब कसा मांडला, ते पाहा.

१९१५ साली जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. त्यांच्या मनाने घेतले की असे विद्यापीठ आपल्या देशातही हवे. त्यात शिक्षण मातृभाषेतून असावे आणि स्त्रियांच्या आयुष्याला उपयोगी पडतील असे विषय असावेत. १९१६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी ते सुरू केले. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी किती होत्या? फक्त पाच! लोक हसले असतील. पाच मुलींचे विद्यापीठ कोणी ऐकले आहे काय? पण कर्व्यांनी पाच मुलींना पाचशे समजून काम चालू ठेवले.

येथे एक गोष्ट आपल्या संस्थाचालकांनी आणि निवृत्त मंडळींनीही लक्षात घ्यावी. विद्यापीठाचे पहिले कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर झाले आणि पहिले कुलगुरू रँग्लर परांजपे. कल्पना कर्व्यांची, मेहनत कर्व्यांची. पण मोठ्या खुर्च्या त्यांनी दुसऱ्यांना दिल्या आणि स्वतः झोळी घेऊन वर्गणीला निघाले. समाजकार्यात शिरल्यावर पहिला तंटा खुर्चीचा होतो, हे आपण पुष्कळ ठिकाणी पाहतो. काम हवे असेल तर खुर्ची सोडता आली पाहिजे.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. आज एस. एन. डी. टी. म्हणून आपण ओळखतो ते हेच. पण ही देणगी येण्यापूर्वी कर्व्यांनी लहान लहान रकमा दारोदार फिरून जमवल्या होत्या, हे विसरू नये. मोठा दाता उभ्या राहिलेल्या कामाकडे पाहून येतो.

१९२९ साली कर्वे विलायतेला निघाले. वय सत्तरीच्या पुढे. युरोपातील शिक्षण परिषदांना ते हजर राहिले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांना भेटले, अमेरिकेत गेले आणि परतताना जपानला जाऊन, ज्याच्याविषयी पुस्तिकेत वाचले होते, ते महिला विद्यापीठ त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. १९३० साली परत आले आणि त्याच वर्षाअखेर आफ्रिकेला निघाले. मोंबासा, झांझिबार, दक्षिण आफ्रिका असा सव्वा वर्षाचा दौरा करून तेथील भारतीयांना त्यांनी कामाची माहिती दिली व मदत गोळा केली.

१९३६ साली, ७८ व्या वर्षी, त्यांनी तिसरा डाव मांडला. मोठे विद्यापीठ उभे केलेला हा माणूस पुन्हा अगदी खालच्या पायरीवर येऊन बसला. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती, तेथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनीतून ते त्यासाठी पैसे देत आणि इतरांकडे मागायला जात.

आणि १९४४ च्या जानेवारीत, वयाच्या ८६ व्या वर्षात, त्यांनी समता संघ स्थापन केला. वाचकहो, या घटनेकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. कर्व्यांच्या आश्रमात सुरुवातीला मुख्यतः ब्राह्मण समाजातील विधवाच होत्या. बहुजन समाजातील मुलींना किंवा आपल्या मुलींना त्या दाराशी फारशी जागा नव्हती, ही गोष्ट खरी आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. पण हाच माणूस म्हातारपणी माणसामाणसातील उच्चनीच भाव जावा म्हणून उभा राहिला. तरुणपणी कामाची कुंपणे जेथे पडली, ती कुंपणे मागे सारण्याचा प्रयत्न त्यांनी उतारवयात केला. बहुतेकांची मते वयाबरोबर कडक होत जातात. यांचे मन मोठे होत गेले. मला वाटते, निवृत्तीचा खरा लाभ हाच असावा. नोकरीत असताना जे दिसले नाही, ज्याला वेळ मिळाला नाही, ते पाहायला आणि सुधारायला अल्लाहने दिलेली ती सवड आहे.

विद्यापीठाला सरकारी कायद्याने मान्यता मिळाली ती १९४९ साली, म्हणजे स्थापनेनंतर ३३ वर्षांनी. तोवर तेथील पदवीला सरकारदरबारी मोल नव्हते, तरी काम थांबले नाही. १९५८ साली, वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आयुष्य १०४ वर्षांचे.

आपल्या समाजातही असा दाखला आहे. सर सय्यद अहमद खान १८७६ साली न्यायखात्याच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि अलिगढला येऊन राहिले. आदल्याच वर्षी तेथे शाळा सुरू झाली होती. १८७७ च्या जानेवारीत कॉलेजची कोनशिला बसली आणि १८९८ साली इंतकाल होईपर्यंत त्यांनी दुसरे काम जाणले नाही. विरोध त्यांनाही झाला, तोही स्वकीयांकडून. दोघांचे प्रांत वेगळे, धर्म वेगळे, काळही थोडा मागेपुढे. पण पेन्शन सुरू झाल्यावर दोघांनीही समाजातील मुलांच्या तालीमीला हात घातला.

कोणी म्हणेल, ही मोठी माणसे. आम्ही फिटर, टर्नर, कारकून, शिपाई. आम्ही काय विद्यापीठ काढणार? बरोबर आहे. पण कर्व्यांच्या हयातीतील कोणती गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची आहे, ते पाहा. रोज ठरलेल्या वेळी मुलांना शिकवायला जाणे? चार घरी जाऊन वर्गणी मागणे? पाच मुलींचा वर्ग चालू ठेवणे? यांतले काहीही आपल्याला अशक्य नाही. तीस वर्षे यंत्रावर काम केलेल्या माणसाला मायक्रोमीटर कसा धरावा, ड्रॉइंग कसे वाचावे हे जेवढे येते, तेवढे पुस्तकातून येत नाही. ते ज्ञान त्याच्याबरोबर कबरीत जाऊ देणे हे समाजाचे नुकसान आहे. ज्यांनी कचेरीत हिशेब ठेवले, त्यांनी संस्थेच्या वह्या तपासाव्यात. ज्यांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरता येतात, त्यांनी विधवा मातांच्या मुलांचे अर्ज भरून द्यावेत. ज्यांना यांतले काहीच येत नाही, त्यांनी आठवड्यातून एकदा त्या घरी जाऊन यावे, जिथे आठवी-नववीतून मुलीचे नाव काढले आहे. पांढऱ्या दाढीच्या माणसाने दारात येऊन विचारले, तर बाप दोन मिनिटे तरी विचार करतो.

भगिनींनो, निवृत्ती केवळ पुरुषांची नसते. मुले मोठी झाली, सुना घरात आल्या, की आपल्यालाही सवड मिळते. मोहल्ल्यातील मुलींना तासभर जवळ बसवून अभ्यास करून घेणारी एक दादी दहा मुलींची शाळा वाचवू शकते.

मुलांनो, तुमच्यावरही जबाबदारी आहे. अब्बांना, दादांना नुसता आराम करा म्हणू नका. त्यांना विचारा, तुम्हाला काय येते ते आम्हाला शिकवाल का? या एका प्रश्नाने म्हाताऱ्या माणसाच्या अंगात जे बळ येते, ते कोणत्याही औषधाने येत नाही.

आपल्या दीनमध्ये सदका-ए-जारियाचे मोल मोठे आहे. माणूस गेल्यावरही ज्याचा सवाब थांबत नाही, अशा गोष्टींत उपयोगी पडणारे ज्ञान मोडते. ते देण्यासाठी धनवान असावे लागत नाही, पदवीधर असावे लागत नाही. निवृत्तीच्या दिवशी मिळालेले घड्याळ भिंतीवर लावा. पण रोज संध्याकाळी तासभर ते घड्याळ कोणाच्या तरी मुलांसाठी चालू द्या. संस्थेचे दार उघडे आहे. आपण या.